लीबन: रूपं सोपी, वापर अवघड? (जर्मन क्रियापदाबद्दल काही प्रश्न)

शेवंता
जर्मनचा ए१ (अगदी पहिल्या पातळीचा) वर्ग चालू आहे. 'लीबन' म्हणजे प्रेम करणे, हे क्रियापद पुस्तकात 'नियमित' म्हणून एका ओळीत उरकलंय. वर्तमानकाळ पाठ झाला, पण वाक्यात घालताना अडतंय. प्रश्न असे:

१. मराठीत आपण कुणा'वर' प्रेम करतो. त्या 'वर'चं जर्मनमध्ये काय होतं?
२. काही रूपांत 'ब' लिहितात आणि 'प' म्हणतात, ते का?
३. 'मला आंबा आवडतो', 'मला गाणं आवडलं', 'मला आजी फार आवडते' आणि प्रेमाची कबुली, या चारही ठिकाणी लीबनच का?
४. भूतकाळ कोणता वापरायचा?

जर्मन शब्द देवनागरीतच लिहूया. शेवटी येणाऱ्या अर्ध्यामुर्ध्या 'अ'साठी मी टिंब वापरतेय: लीबं. 'केलं', 'गेलं' म्हणतो तसंच म्हणायचं.

दप्तरदार
टिंबाची युक्ती चांगली आहे, जर्मन शब्दाच्या शेवटच्या 'ई' अक्षराचा उच्चार जवळजवळ तोच आहे.

आधी सगळी रूपं एका जागी लिहितो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. मूळ 'लीब', त्याला प्रत्यय.

वर्तमान:
इश लीबं (मी)
डू लीप्स्ट (तू)
एअर / झी / एस लीप्ट (तो, ती, ते)
वीअर लीबन (आम्ही, आपण)
ईअर लीप्ट (तुम्ही, म्हणजे अनेक 'तू')
झी लीबन (ते सगळे, आदरार्थी 'आपण'सुद्धा हेच, फक्त लिहिताना पहिलं अक्षर मोठं)

साधा भूतकाळ: लीप्टं, लीप्टेस्ट, लीप्टं, लीप्टन, लीप्टेट, लीप्टन.

पूर्ण भूतकाळ: 'हाबन'चं रूप + गेलीप्ट. इश हाबं गेलीप्ट, डू हास्ट गेलीप्ट, एअर हाट गेलीप्ट, वीअर हाबन गेलीप्ट, ईअर हाप्ट गेलीप्ट, झी हाबन गेलीप्ट.

भविष्य: इश वेर्डं लीबन, डू विर्स्ट लीबन, एअर विर्ट लीबन, आणि पुढे तसंच.

आज्ञार्थ: लीबं! (एकाला), लीप्ट! (अनेकांना), लीबन झी! (आदराने).

'माखन' (करणे), 'लेर्नन' (शिकणे), 'वोनन' (राहणे) यांना जे प्रत्यय लागतात तेच इथे. 'आर्बाइटन'चं 'आर्बाइटेस्ट' होतं, मध्ये एक स्वर घुसतो, कारण मूळ 'ट'वर संपतं. लीबनमध्ये तो घुसवू नका. 'डू लीबेस्ट' असं रूप आहे, पण ते संशयार्थातलं आणि जुन्या कवितेतलं.

आणखी एक सोय: करतो/करते हा भेद नाही. बोलणारा कोणीही असो, 'इश लीबं'च.

चिंचोके
वाखू (वाचनखूण) साठवली.

खवय्या
इश लीबं डिश. कोणती डिश ते सांगा, आम्ही येतो.

टिंबटिंब
प्रश्न २. जर्मनमध्ये शब्दाच्या किंवा अवयवाच्या शेवटी ब, ड, ग आले की त्यांचा घोष जातो आणि प, ट, क उरतात. याला 'आउसलाउट-फेअरहेर्टुंग' म्हणतात. 'लीबं'मध्ये 'ब'नंतर स्वर आहे, म्हणून ब टिकतो. 'लीप्स्ट', 'लीप्ट', 'गेलीप्ट'मध्ये त्याच्या मागोमाग स किंवा ट येतो, म्हणून प. स्पेलिंगमध्ये 'ब'च राहतो, तिथे 'प' लिहिला तर चूक. 'लीप' (प्रिय, गोड स्वभावाचा) या विशेषणातही हेच होतं, आणि त्याला प्रत्यय लागून 'लीबर', 'लीबं' झालं की ब परत येतो.

दुसरी अडचण 'ई'ची. रोमन आय आणि ई या क्रमाने आले तर दीर्घ ई, उलट आले तर 'आय'. दोन्हींतल्या दुसऱ्या अक्षराचं इंग्रजी नाव उच्चारा, चुकत नाही. हे सांभाळलं नाही तर 'लीप'चा 'लाइप' होतो आणि लाइप म्हणजे देह. 'लेबन' तर वेगळंच क्रियापद, जगणे. तोंडी परीक्षेत 'इश लेबं माइनं फामिलिअं' ऐकू आलं की समोरच्याला 'मी माझं कुटुंब जगतो' असं काहीतरी ऐकू जातं. ई लांबवा, ओठ बाजूला ताणा.

तिसरं, 'इश' आणि 'डिश'मधला श (रोमन लिपीत 'सीएच') हा आपला श नाही. 'य' म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवा, कंठातला आवाज बंद करा आणि नुसती हवा सोडा. देवनागरीत त्याला अक्षर नाही म्हणून आपण श लिहितो. खऱ्या श शी गल्लत केली तर काही ठिकाणी अर्थ बदलतो: चर्च आणि चेरी या दोन जर्मन शब्दांत फरक फक्त या व्यंजनाचा आहे. आ, ओ, उ, आउ यांच्यानंतर मात्र तोच 'सीएच' घशातला ख होतो: डॉख, आउख, बूख.

सातमजली
र्‍हाइनलँडकडे बरेच लोक 'इश'चा उच्चार सरळ आपल्या श नेच करतात. त्यामुळे कोणी समजणारच नाही अशी भीती नको. परीक्षेपुरता प्रमाण उच्चार बसवा.

रानजाई
प्रश्न १ वर कोणीच आलं नाही अजून.

मराठी माणसाची पहिली चूक इथेच होते. 'तुझ्यावर' डोक्यात असतं म्हणून 'इश लीबं आउफ डिश' तयार होतं. 'आउफ' म्हणजे खरोखरचं वर: टेबलावर, छतावर. लीबनला कोणतंच शब्दयोगी लागत नाही. ज्याच्यावर प्रेम आहे ते सरळ कर्म, आणि कर्म द्वितीयेत, म्हणजे आकुझाटिव्हमध्ये:

मला: मिश
तुला: डिश
त्याला: ईन
तिला: झी
त्याला (नपुंसक): एस
आम्हाला: उन्स
तुम्हाला: ऑइश
त्यांना / आपणांस: झी

इथे 'मला, तुला' लिहिलंय ते सोयीसाठी. मराठीत 'ला' द्वितीयेलाही लागतो आणि चतुर्थीलाही, जर्मनमध्ये दोन्हींचे शब्द वेगळे. चतुर्थी: मीअर, डीअर, ईम, ईअर, ईम, उन्स, ऑइश, ईनन. लीबनला यातलं एकही चालत नाही. 'इश लीबं डीअर' हे चूक.

नाम असेल तर फक्त पुल्लिंगी एकवचन बदलतं. माइन मान (माझा नवरा) याचं 'इश लीबं माइनन मान'. माइनं फ्राउ, माइन किन्ट, माइनं एल्टर्न (बायको, मूल, आईवडील) आहेत तसेच राहतात. म्हणजे पाठ करायचा तो एक 'नन'.

कावळेकाका
बायकोवर प्रेम करताना व्याकरण बदलत नाही, नवऱ्यावर करताना जास्तीचा प्रत्यय. भाषेलाही कष्ट पडतात म्हणायचे. (हलकेच घ्या.)

सातमजली
'इश लीबं डीअर' बर्लिनच्या बोलीत मात्र आहे बरं का. 'इक लीबं डीअर'. तिथल्या बोलीत मीअर आणि मिशची सरमिसळ जुनी आहे आणि बाकीचे जर्मन त्यावरून बर्लिनकरांची थट्टा करतात.

रानजाई
बोलीत आहे, ए१ च्या पेपरात नाही.

नाम वापरलं तर गोष्ट वेगळी. 'डी लीबं' म्हणजे प्रेम, स्त्रीलिंगी, आणि त्याला 'त्सू' लागतं, त्सूनंतर चतुर्थी: डी लीबं त्सू डीअर, डी लीबं त्सूअर मुझीक. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' या मराठी घडणीच्या जवळ जाणारं हेच, पण असं वाक्य बोलण्यात वापरत नाहीत. बोलताना क्रियापदच.

आणि 'प्रेमात पडणे' याला 'झिश फेअरलीबन', सोबत 'इन' आणि द्वितीया. इश हाबं मिश इन डिश फेअरलीप्ट. हे वाक्य दोन ठिकाणी बिघडतं. एक, 'मिश' गाळला जातो. ते आत्मवाचक आहे, हवंच. दोन, 'गेफेअरलीप्ट' असं काहीतरी तयार होतं. फेअर लागलेल्या क्रियापदाला 'गे' लागत नाही. नुसती अवस्था सांगायची असेल तर 'इश बिन इन डिश फेअरलीप्ट', इथे फेअरलीप्ट विशेषण आहे आणि मिश नको.

चिंचोके
'इन' नंतर कधी द्वितीया, कधी चतुर्थी असं शिकवलंय. इथे ठरवायचं कसं?

रानजाई
स्थळासाठी तो नियम: कुठे असेल तर चतुर्थी, कुठे जातोय असेल तर द्वितीया. फेअरलीबनमध्ये स्थळ नाही, ही ठरलेली जोडी आहे, कायम द्वितीया. नाहीतर घोटाळा असा: 'इश बिन इन बर्लिन फेअरलीप्ट' याचे दोन अर्थ निघतात, बर्लिनच्या प्रेमात आहे किंवा बर्लिनमध्ये असताना प्रेमात आहे. शहरांच्या नावांना विभक्तीचा प्रत्यय दिसत नाही म्हणून संदिग्ध. 'इश बिन फेअरलीप्ट इन बर्लिन' असं पुढे टाकलं की पहिल्या अर्थाकडे झुकतं.

उंबरठा
मला प्रश्न ३ सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रूपं कोणीही पाठ करेल, कोणतं क्रियापद उचलायचं तिथे खरी गंमत आहे. आणि इथे मराठी माणसाला फायदा आहे, तो इंग्रजीमार्गे शिकल्यामुळे वाया जातो.

'मला हे गाणं आवडतं.' यात कर्ता कोण? गाणं. 'मला' चतुर्थी. जर्मन 'गेफालन' अगदी असंच चालतं: डास लीट गेफेल्ट मीअर. गाणं कर्ता, मीअर चतुर्थी, क्रियापद गाण्याप्रमाणे. गाणी अनेक असतील तर 'डी लीडर गेफालन मीअर', जसं 'आवडतं'चं 'आवडतात' होतं. इंग्रजीतून विचार केला की 'मी' कर्ता करावासा वाटतो आणि 'इश गेफालं डास लीट' असं काहीतरी बाहेर पडतं. शब्दाला शब्द मराठी ठेवा, बरोबर येईल. भूतकाळ: डास लीट हाट मीअर गेफालन, गाणं आवडलं.

खाण्याच्या चवीला गेफालन नाही, 'श्मेकन': डी मांगो श्मेक्ट मीअर. हा समोरचा आंबा मला चवीला आवडला. 'डी मांगो गेफेल्ट मीअर' म्हणालात तर आंब्याचं रूप आवडलं, चित्र काढायला घेतलाय असं वाटेल.

एकूणच आंबे आवडतात, हे सांगायला 'म्योगन': इश माक मांगोस. किंवा 'गेर्न': इश एस्सं गेर्न मांगोस. कृती आवडते असं सांगायचं तर गेर्न सगळ्यात जर्मन. वाचायला आवडतं: इश लेझं गेर्न. त्याची तरतम रूपं गेर्न, लीबर, आम लीप्स्टन. चहाच बरा: इश ट्रिंकं लीबर टे.

माणसांसाठी उतरंड साधारण अशी. 'इश माक डिश': तू मला आवडतोस, चांगला वाटतोस. 'डू गेफेल्स्ट मीअर' मात्र जपून. 'तू मला आवडतेस'चं हे शब्दशः रूप दिसतं, पण त्यात आकर्षण ऐकू येतं. 'इश हाप डिश लीप': माया, जिव्हाळा, आजी, भाऊ, मुलं, जुनी मैत्रीण, सगळ्यांना चालतं, जोडीदारालाही. 'इश लीबं डिश': सगळ्यात वर. आजीबद्दल तिसऱ्या माणसाला सांगताना 'इश लीबं माइनं ओमा' चालतं, तिच्यासमोर 'इश हाप डिश लीप' जास्त घरगुती.

खवय्या
आंब्याचं चित्र. अपमान आहे हा आंब्याचा.

दप्तरदार
उत्तम प्रतिसाद. म्योगनची रूपं अनियमित आहेत म्हणून पुरवणी: इश माक, डू माक्स्ट, एअर माक, वीअर म्योगन, ईअर म्योक्ट, झी म्योगन. भूतकाळ मोख्टं, गेमोख्ट. हॉटेलात वापरतो ते 'इश म्योश्टं' (मला हवंय) याच घराण्यातलं. टिंबटिंब यांचा नियम इथे बघा: ओ असताना 'मोख्टं'मध्ये ख, ओचा ओठांचा चंबू तसाच ठेवून जीभ पुढे आली की 'म्योश्टं'मध्ये श. एकाच क्रियापदात दोन्ही.

'लीप हाबन' जोडून लिहा किंवा तोडून, दोन्ही मान्य आहे. वाक्यात मात्र तुटतंच: हाप दुसऱ्या जागी, लीप शेवटी.

मधला_मार्ग
उंबरठा, एका गोष्टीवर असहमत. वस्तूंना लीबन लावू नये असा सूर तुमच्या प्रतिसादातून निघतो. 'इश लीबं शोकोलाडं' रोज ऐकू येतं. मॅकडोनाल्ड्सचं 'इश लीबं एस' हे घोषवाक्य तर २००३ च्या सप्टेंबरात म्युनिकमध्येच पहिल्यांदा झळकलं, तिथून ती मोहीम जगभर गेली. म्हणजे जर्मन लोकांना बर्गरवर प्रेम करायला अडचण नाही.

उंबरठा
लावू नये म्हटलेलं नाही. संगीत, निसर्ग, गाव, आपला धंदा यांना लीबन जुनंच आहे. पण प्रत्येक 'आवडतं'ला लीबन लावलं की ते जाहिरातीसारखं वाटतं, आणि तुमचं उदाहरण जाहिरातीचंच आहे! 'मला पोहे आवडतात'च्या जागी सतत 'माझं पोह्यांवर प्रेम आहे' म्हणून बघा.

कृतीला लीबन लावायचं तर मध्ये 'एस' लागतं आणि मागे 'त्सू' वाला भाग: इश लीबं एस, इम रेगन श्पात्सीरन त्सू गेअन (पावसात फिरायला जाणं मला फार प्रिय). स्वल्पविराम हवा. 'इश लीबं त्सू लेझन' हे इंग्रजीचं ओझं.

तसंच 'यायला फार आवडेल' याचं 'इश व्युर्डं लीबन त्सू कोमन' करू नका. 'इश व्युर्डं झेअर गेर्न कोमन'. आमंत्रणाच्या उत्तरात ही चूक हमखास.

कावळेकाका
लीबनचा सर्वांत गाजलेला सार्वजनिक वापर कोणी आणला नाही म्हणून मी आणतो. १३ नोव्हेंबर १९८९. बर्लिनची भिंत उघडून चार दिवस झालेत. पूर्व जर्मनीचा गुप्त पोलीस खात्याचा मंत्री एरिश मीलकं संसदेत बोलतोय आणि सदस्यांना सारखा 'कॉम्रेड' म्हणतोय. एक जण हरकत घेतो की इथे सगळेच कॉम्रेड नाहीत. त्यावर हा गडबडून: 'इश लीबं डॉख आलं, आलं मेन्शन!' अहो, माझं तर सगळ्यांवर प्रेम आहे, सगळ्या माणसांवर! सभागृहात हशा. लाखो नागरिकांच्या फायली ठेवणाऱ्या खात्याचा मंत्री तो.

व्याकरण शुद्ध आहे. कर्म अनेकवचनी द्वितीयेत, 'डॉख' म्हणजे 'तर', समोरच्याचा आक्षेप खोडायला.

सातमजली
दंडवत. 'डॉख' शिकवायला याहून चांगलं वाक्य नाही.

शेवंता
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. प्रश्न ४ राहिला. आणि कोणी 'इश लीबं डिश' म्हटलं तर 'मीही' कसं म्हणायचं? वर्गात 'इश आउख' शिकवलंय.

टिंबटिंब
'इश आउख' म्हणजे 'मी पण'. 'मला कॉफी आवडते', 'मी पण', तिथे ठीक. प्रेमाच्या उत्तरात कर्म गाळलं तर 'माझंही माझ्यावर' अशी थट्टा होऊ शकते. 'इश डिश आउख' म्हणा: मी, तुला, पण. क्रियापद गाळलं तरी द्वितीया राहते.

क्रम मात्र अजिबात उलटा करू नका. 'डू मिश आउख' ही शिवी आहे. ते एका लांबलचक अपमानाचं छोटं रूप, साधारण 'तूही गेलास उडत'.

कावळेकाका
दोन सर्वनामं इकडची तिकडे आणि संसार मोडला.

सातमजली
तसलाच सापळा गेर्न हाबनचा. 'इश हाप डिश गेर्न' म्हणजे तू मला आवडतोस. 'डू कान्स्ट मिश गेर्न हाबन!' म्हणजे 'मला काय फरक पडत नाही, चल निघ'. शब्द सगळे गोड, अर्थ कडू.

प्रांतांचं म्हणाल तर बव्हेरियात 'इ मोग डि' हे प्रेमाचं पूर्ण वजनाचं वाक्य आहे, म्योगनचंच बोलीरूप. तिथे 'इश लीबं डिश' काहींना पुस्तकी, नाटकी वाटतं. स्वित्झर्लंडच्या जर्मन बोलीतही 'गेर्न'वाल्या वाक्यालाच मान. म्हणजे उंबरठा यांची उतरंड उत्तरेची आणि पुस्तकातली, दक्षिणेत एक पायरी इकडेतिकडे.

दप्तरदार
प्रश्न ४. बोलताना पूर्ण भूतकाळ: इश हाबं ईन झेअर गेलीप्ट. गोष्ट लिहिताना साधा भूतकाळ: झी लीप्टं ईन. दक्षिणेत बोलण्यात साधा भूतकाळ फारसा ऐकू येत नाही.

पण यात एक धोका. 'इश हाबं डिश गेलीप्ट' म्हटलं की प्रेम संपलं असा सूर निघतो. अजून चालू असेल तर वर्तमानकाळच: इश लीबं डिश झाइट ड्राय यारन, तीन वर्षांपासून. मराठीतही आपण 'तीन वर्षांपासून शिकतोय' असा वर्तमानच वापरतो, म्हणून मराठीतून विचार केला तर चूक होत नाही. इंग्रजीतून केला तर वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर घटस्फोटाची नोटीस छापली जाते. झाइटनंतर चतुर्थी, म्हणून 'यारं' नाही, 'यारन'.

नकार: 'निश्ट' शेवटी. इश लीबं डिश निश्ट. मध्ये घातलं, 'इश लीबं निश्ट डिश', तर वाक्य अपुरं राहतं आणि समोरचा 'झोन्डर्न' (तर...) ची वाट बघतो. तुझ्यावर नाही, तर कोणावर?

'कारण'नंतर क्रियापद शेवटी: वाइल इश डिश लीबं. मराठी क्रम जसाच्या तसा, 'कारण मी तुझ्यावर प्रेम करतो'.

उंबरठा
भर: जर्मन बातम्यांत 'एअर लीबं झी' असं दिसलं तर छपाईची चूक समजू नका. लीप्ट हवं होतं ना? नाही, हे सांगोवांगीचं रूप. 'एअर झाक्ट, एअर लीबं झी': तो म्हणतो की त्याचं तिच्यावर प्रेम आहे, खरंखोटं आम्ही सांगत नाही. आपण 'त्याचं म्हणे तिच्यावर प्रेम आहे' यातल्या 'म्हणे'ने जे करतो ते जर्मन लोक प्रत्ययाने करतात. ए१ ला गरज नाही, वर्तमानपत्र वाचताना लागेल.

रानजाई
पत्र लिहिणाऱ्यांसाठी. 'लीबं फ्राउ अमुक', 'लीबर हेर तमुक' ही साधी स्नेहाची सुरुवात आहे, कोणी प्रेमपत्र समजणार नाही. स्वल्पविराम द्या आणि पुढची ओळ लहान अक्षराने सुरू करा. शेवटी 'लीबं ग्र्युसं'. अनोळखी कार्यालयाला हे नको, 'मिट फ्रॉइन्टलिशन ग्र्युसन'.

'माइन गेलीप्टर मान' म्हणजे माझा लाडका नवरा. नुसतं 'माइन गेलीप्टर' म्हणजे नवऱ्याव्यतिरिक्तचा! लग्नाच्या वाढदिवसाला कार्ड लिहिताना 'मान' गाळू नका. 'बेलीप्ट' म्हणजे प्रिय नव्हे, लोकप्रिय. 'बेलीबिश' म्हणजे कोणतंही, हवं ते. प्रेमाशी आज काही संबंध नाही. 'लीबलिंग' कायम पुल्लिंगी, कोणालाही म्हणा. 'माइन फ्रॉइन्ट' म्हटलं की प्रियकर समजतात, नुसता मित्र असेल तर 'आइन फ्रॉइन्ट फॉन मीअर'.

मधला_मार्ग
अवांतर: मध्ययुगात जर्मनमध्ये प्रेमासाठी 'मिनं' हा शब्द होता, बाराव्या-तेराव्या शतकातल्या दरबारी प्रेमगीतांना 'मिनंझांग' म्हणतात. पुढे तो शब्द शारीर अर्थाकडे घसरला आणि 'लीबं'ने त्याची जागा घेतली. लीबं आणि संस्कृत 'लुभ्' एकाच मुळातले, म्हणजे आपला 'लोभ' त्यांचा भाऊबंद. जुन्या पत्राच्या शेवटी 'लोभ असावा ही विनंती' लिहायचे, जर्मन लोक अजून 'आलेस लीबं' लिहून सही करतात.

चिंचोके
जोडीदाराच्या व्हिसासाठी जर्मनीला बहुतेकांकडून ए१ लागतं, २००७ पासून. म्हणजे आधी लग्न, मग लीबन.

शेवंता
सरावाची वाक्यं केलीत, तपासा:

१. इश लीबं माइन ब्रूडर.
२. डी मांगो गेफेल्ट मिश.
३. इश हाबं मिश इन ईम फेअरलीप्ट.
४. इश लीबं त्सू लेझन... (नाही, हे सोडा) इश लेझं गेर्न.
५. वाइल झी लीप्ट ईन.
६. झाइट फ्युन्फ यारन इश लीबं डिश.

रानजाई
१. माइनन ब्रूडर. पुल्लिंगी, द्वितीया.
२. मीअर. आणि चव म्हणायची असेल तर श्मेक्ट.
३. ईन. ईम चतुर्थी. न आणि म ऐकताना सारखे वाटतात, म्हणून लिहून घोका.
४. बरोबर, सोडलं तेच बरं केलंत.
५. वाइल झी ईन लीप्ट.
६. झाइट फ्युन्फ यारन लीबं इश डिश. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवरून हलत नाही. पुढे 'पाच वर्षांपासून' आलं की 'इश' मागे सरकतं. 'झाइट फ्युन्फ यारन' हे तीन शब्द मिळून एकच जागा.

सातमजली
आता 'हास्सन'चाही धागा काढा, द्वेष करणे. तेही नियमित: इश हास्सं, डू हास्ट, एअर हास्ट. आणि 'तुझ्याकडे आहे' तेही 'डू हास्ट'. कानाला फरक शून्य, स्पेलिंगमध्ये एक स जास्त.

चिंचोके
मग 'डू हास्ट मिश' ऐकलं तर 'मी तुझीच आहे' समजायचं की भांडण?

दप्तरदार
वाक्य संपेपर्यंत थांबायचं. शेवटी गेलीप्ट आलं तर ते 'हाबन'चं हास्ट. काहीच आलं नाही तर बहुधा भांडण.